चालक धरून पाच

मागणी अगदी साधी होती. एक दिवस, फक्त एक दिवस, तिला स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं होतं.

आता मागची सीट म्हणजे काही राजगादी नव्हे. तिच्यावर बिस्किटांचा भुगा होता, कोपऱ्यात दुधाचा जुना डाग होता, आणि खिडकीकडचा पट्टा कुणीतरी ओढून ओढून पार सैल केला होता. पण गेली दोन वर्षं ती त्या सीटकडे फक्त आरशातून बघत आली होती, आणि आरशात जे दिसायचं त्यानं तिचं डोकं सणकायचं.

त्याचं असं झालं. मुलगी पोटात असताना तिनं वाइनचा ग्लास बाजूला ठेवला. तिच्या दृष्टीनं तात्पुरता. घरच्यांनी तो धुऊन, पुसून कपाटात टाकला. "ती घेत नाही," असं आधी नवरा म्हणाला, मग नणंद, म्हणजे ताई, म्हणाली, मग नणंदेचा नवरा, ज्याला लहानथोर सगळे दाजी म्हणतात, तोही म्हणाला. आणि जी घेत नाही ती गाडी चालवते, हे त्याच्या मागोमाग न सांगता आलं. तेव्हापासून कुणाचं लग्न असो, बढती असो, नवं घर असो, जाताना ही पाहुणी असायची आणि येताना ड्रायव्हर. पुढं नवरा पेंगायचा. मागं ताई आणि दाजी, आणि त्यांच्या शेजारी पट्ट्यानं बांधलेल्या खुर्चीत भुंगी. भुंगी म्हणजे तिची मुलगी. दिवसभर तोंडानं गुणगुण चालू असते म्हणून हे नाव. परतीच्या वाटेवर गाडीत शुद्धीत असलेल्या माणसांत अक्कलदाढ असलेली ती एकटीच, पण सल्ला मात्र सगळीकडून.

"वहिनी, ब्रेक जरा आधी."

"वहिनी, तो ट्रकवाला बघताय ना?"

"अगं, गिअर रडतोय तुझा."

एकदा दाजींना मळमळलं. गाडी थांबवायला सांगून कुणाला त्रास द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी हाताशी होती ती पिशवी उघडली आणि काम उरकलं. ती भुंगीच्या लंगोटांची पिशवी होती. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, की दाजींना आता बरं वाटतंय, काळजी करू नकोस.

भुंगीनं अंगावरचं दूध सोडून बरेच महिने झाले होते. म्हणजे ग्लास उचलायला तिला आता कुणाची आडकाठी नव्हती. पण ही बातमी घरात कुणाला लागलीच नाही. तिनंही सांगितली नाही. सांगायला कुणी विचारावं तर लागतं.

तर त्या दिवशी ताईंचा फोन स्पीकरवर होता. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येत होता आणि द्राक्षांच्या मळ्यांची सहल ठरली होती. एकामागून एक मळे, प्रत्येक ठिकाणी वाइन चाखायची, मध्ये जेवण, संध्याकाळी परत.

"गाडी तुमची घेऊ," ताई म्हणाल्या. "आमची एवढीशी, म्हणजे सँडलची पेटी. आणि चालवायचा प्रश्नच नाही. ती काही घेत नाही."

"सोप्पं काम," नवरा म्हणाला.

"ड्रायव्हर ठरवू या," ती म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू मिक्सर बोलला.

"घरात विहीर असताना टँकर मागवायचा?" तो म्हणाला.

"विहिरीला एक दिवस सुट्टी."

"म्हणजे आम्ही दारुडे, असं म्हणायचंय का तुला?" फोनमधून ताई.

मागून दाजींचा आवाज आला, "मी पीतच नाही. मी चाखतो."

तिला त्या घटकेला पुष्कळ बोलायचं होतं. लंगोटांच्या पिशवीपासून सुरुवात करायची होती. पण भुंगी बाजूला पाटीवर रेघा ओढत होती, आणि मुलीसमोर आरडाओरडा करायचा नाही हे तिचं व्रत होतं. त्या व्रतापायी तिची कितीतरी चांगली भांडणं वाया गेली होती. ती एवढंच म्हणाली, "ड्रायव्हर ठरला तर सहल. नाहीतर टॅक्सी करा." आणि आत गेली.

खरी पंचाईत आत गेल्यावर सुरू झाली. नवरा तिला काळजीखातं म्हणायचा आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ज्या बाईनं पाळणाघर ठरवण्याआधी तिथल्या जिन्याच्या कठड्यातून स्वतःचं डोकं घालून पाहिलं, ती परक्या माणसाच्या हाती गाडी आणि मागं मुलगी कशी सोपवणार? त्याच्याकडे परवाना आहे का? तो स्वतः कुठं घोटभर घेणार नाही ना? काही झालंच, तर विमा कुणाचा, जबाबदारी कुणाची? रागाच्या भरात मागणी करणं सोपं असतं. राग काही विम्याची कलमं वाचत नाही. ती मात्र वाचायची.

तिनं विमा कंपनीला फोन लावला. यंत्रानं तिला बरीच बटणं दाबायला लावली, सनई ऐकवली, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे असं सांगितलं, पुन्हा सनई ऐकवली. शेवटी एक मुलगी बोलली.

"अपघात कधी झाला?"

"झालेला नाही."

"गाडी चोरीला गेली आहे का?"

"नाही. गाडी खाली उभी आहे. मला विचारायचं होतं, पगारी ड्रायव्हर एका दिवसापुरता..."

"मॅडम, अपघात, चोरी किंवा आग. यांपैकी काय नोंदवू?"

"अजून काहीच झालेलं नाही हो. होऊ नये म्हणून विचारतेय."

"मग झाल्यावर फोन करा, मॅडम. आणखी काही मदत?"

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "आग सांगायचं," तो म्हणाला. "डोक्याला लागलीच आहे." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो गेला.

मग तिनं विमा एजंटला गाठलं. गेल्या वर्षी विमा काढला तेव्हा हा माणूस घरी येऊन चहा पिऊन, भुंगीचा पापा घेऊन, "वहिनी, मी तुमच्या धाकट्या दिरासारखा," असं म्हणून गेला होता, आणि पावती हातात पडल्यापासून हा दीर परागंदा होता. या वेळी तो आला, कारण तिनं त्याला आणखी एक विमा काढायचाय अशी थाप मारली. काळजी माणसाला काय काय शिकवते.

त्यानं बिस्किटांची बशी जवळ ओढली आणि विम्याचा कागद उघडला.

"हे बघा वहिनी. ड्रायव्हर पगारी असेल तर तसा शेरा चढवून घ्यावा लागतो. उद्या त्यालाच काही लागलं, तर तो तुमच्या दारात येणार. शेरा मी चढवून देतो. त्याचा परवाना चालू पाहिजे. त्याच्या तोंडाला थेंबाचा वास आला, तर क्लेम गेला. तुम्ही इतर कुणाला भाड्यानं बसवलंत, तर क्लेम गेला."

"आणि?"

"आणि आसनं. तुमची गाडी चालक धरून पाच. एक माणूस जास्त सापडला, की क्लेम गेला. मांडीवरचं मूलही या कागदात माणूसच आहे."

तिनं बोटं मोजली. ती, नवरा, ताई, दाजी आणि अंगठ्यावर भुंगी. एका हाताची बोटं बरोबर पुरली. तिला हे फार शुभ लक्षण वाटलं.

"पाचच आहोत आम्ही," ती म्हणाली.

"झालं तर मग," एजंट म्हणाला, आणि शेवटचं बिस्कीट उचललं. इथं वाचकाच्या काही ध्यानात आलं असेल तर त्यानं स्वतःची पाठ थोपटून घ्यावी. त्या खोलीत पदवी असलेली दोन माणसं होती आणि त्यांच्या ध्यानात आलं नाही.

विम्याचा बंदोबस्त झाला, पण जबाबदारी राहिली. त्यासाठी खालच्या मजल्यावर वकीलकाका होते. काकांची सगळी हयात जमिनीच्या दाव्यांत गेली. निवृत्त झाल्यावर भांडायला बांध उरला नव्हता, त्यामुळे ते पार्किंगच्या रेघांवर भांडायचे. तिचा प्रश्न ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"करारनामा लागेल," ते म्हणाले.

"एका दिवसासाठी?"

"खून एका मिनिटात होतो, मुली. त्याला कायदा नसतो का?"

काकूंनी चहा आणला आणि नवऱ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. काकांनी कोरे कागद काढले आणि लिहायला घेतलं. ती "लिहून घेणार" झाली, अजून न सापडलेला ड्रायव्हर "लिहून देणार" झाला. मग ते काठी टेकत खाली गाडी बघायला उतरले, वर आले आणि त्यांनी गाडीचं वर्णन लिहिलं. चतुःसीमेसह. पूर्वेस लिफ्टची भिंत, पश्चिमेस डॉक्टरीणबाईंची स्कूटर, उत्तरेस येण्याजाण्याचा रस्ता, दक्षिणेस पाण्याचा पंप, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक उभी असलेली गाडी.

"काका, पण गाडी हलते."

"हलली की हद्द बदलेल. तसं कलम घालतो."

"अहो, ती गाडी आहे, शेत नाही," काकू म्हणाल्या.

"मिळकत ती मिळकत," काका म्हणाले, आणि चाखण्याच्या प्रश्नाकडे वळले. वाइन नुसती तोंडात घेऊन थुंकली तर ती प्यायली म्हणायची की नाही? तिनं सांगितलं, की ड्रायव्हर काहीच तोंडात घेणार नाही. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "द्राक्षंही नाही?" द्राक्षं खाईल, ती म्हणाली. त्यावर काही वेळ विचार करून काकांनी लिहिलं, "द्राक्षे ताजी व न आंबलेली असल्यास मुभा."

आणि मग चौथं कलम आलं. ते लिहिताना काकांनी पेन दोनदा झटकलं.

"सगळा घोळ ताब्याचा असतो. पोटात गेली, की माणसं मालकासारखी बोलायला लागतात. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे, ड्रायव्हर जातो झाडावर. मग कोर्ट विचारतं, गाडी कुणाच्या हुकमात होती? हुकूम एकाचाच पाहिजे. तुझा." आणि त्यांनी मोठ्यांदा वाचलं, "लिहून घेणार या स्वतः गाडीत बसलेल्या असल्याखेरीज व त्यांनी तोंडी हुकूम दिल्याखेरीज लिहून देणार यांनी गाडी जागची हलवू नये."

ती थोडी घुटमळली. "काका, आणि मी एखादा ग्लास घेतला तर?"

हे ती पहिल्यांदाच कुणाला म्हणत होती. स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं.

"एका ग्लासानं हुकूम बुडत नाही," काका कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

"घे गं," काकू म्हणाल्या. "चांगली घे."

एवढंच. पण जिना चढताना तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. घरच्या तिघांना दोन वर्षांत जे सुचलं नाही, ते खालच्या मजल्यावर चहाबरोबर मिळालं होतं.

ड्रायव्हर पुरवणाऱ्या एका कार्यालयातर्फे माणूस मिळाला. पिकलेली मिशी, इस्त्रीचा शर्ट, आणि बगलेत स्वतःची उशी. दुसऱ्याच्या सीटवर बसलं की त्याची कंबर धरायची. दारूबद्दल विचारताच त्यानं पित्ताचा सविस्तर इतिहास सांगितला, जो तिनं परवान्याइतक्याच बारकाईनं ऐकला. मग त्यानं करारनामा मोठ्यानं वाचायला घेतला. चतुःसीमा आली तेव्हा तो खाली जाऊन खात्री करून आला.

"पंप दक्षिणेलाच आहे," तो म्हणाला. "पण माझी एक अट. मागून सल्ला चालणार नाही. मी तेवढ्यावरून तीन ठिकाणी काम सोडलंय."

तिनं ती अट स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली दोनदा रेघ मारली. त्यानं वळणदार सही केली, आपली प्रत घेतली आणि, नंतर कळलं, ती प्लॅस्टिकमध्ये मढवून आणली. आपल्यावर कुणी इतकं लिहिलंय याचा त्याला अभिमान वाटला असावा.

घरात मात्र चेष्टेला ऊत आला होता. नवरा मित्रांना फोनवर सांगायचा, "आमच्याकडे ड्रायव्हरची जमीनमोजणी चाललीय." ताईंनी विचारलं, की वाइन ओतणाऱ्या मुलीचाही करार करायचाय का. ती दात आवळून सगळं ऐकत राहिली. करू देत चेष्टा. त्या दिवशी ती मागं बसणार होती, खिडकीला डोकं टेकून, आणि ट्रकवाल्याकडे दुसरं कुणीतरी बघणार होतं. रात्री भुंगीला थोपटताना ती मनातल्या मनात खिडकीची काच खाली करून पाहायची.

सहलीच्या दिवशी ताई आणि दाजी आपल्या सँडलच्या पेटीतून आले आणि ती डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरपलीकडे लावली. ड्रायव्हर आधीच येऊन, सीटवर उशी ठेवून, आरसा पुसत होता. सगळे खाली गेले. ती मागं राहिली, कारण गॅस बघायचा होता, नळ बघायचे होते, भुंगीची पिशवी भरायची होती, आणि गॅस पुन्हा एकदा बघायचा होता. कुलूप लावून, भुंगीला कडेवर आणि पिशवी खांद्याला अशी ती खाली आली, मागचं दार उघडलं आणि भुंगीला खुर्चीत बसवून पट्टा लावला. मग स्वतः बसायला पलीकडच्या बाजूला गेली.

तिथं दाजी बसले होते. मधे ताई होत्या. पुढं, नेहमीच्या जागी, गॉगल लावून नवरा. त्याच्या शेजारी उशीवर ड्रायव्हर.

तिनं दार लावलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा उघडलं. दाजी तिथंच होते.

"काय शोधताय, वहिनी?"

"माझी जागा."

तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी मोजलं. ओठ हलताना दिसत होते. विमा झाला होता, शेरा झाला होता, करारनामा झाला होता, ताज्या द्राक्षांना मुभा झाली होती, आणि ड्रायव्हर नावाच्या माणसालाही बूड असतं, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. आजवर ड्रायव्हर म्हणजे तीच होती. पाच म्हणताना ड्रायव्हर त्यात आलाच, अशी तिच्या बोटांनाही सवय लागली होती.

"भुंगीला मांडीवर घेऊ," दाजी म्हणाले. "खुर्ची काढून टाकायची. हाय काय नाय काय."

"भुंगी खुर्चीतून हलणार नाही. आणि मांडीवरचं मूलही माणूस धरतात."

नवऱ्यानं एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, मी वहिनींना सांगितलंच होतं; आणि त्या दुसऱ्या विम्याचं काय झालं?

"अहो, मग सोपं आहे," दाजी म्हणाले. "यांना परत पाठवा. वहिनी आहेतच की चालवायला."

ड्रायव्हरनं न ऐकल्यासारखं करून आरशाचा कोन बदलला.

"नको, तिला नको बाई त्रास," ताई म्हणाल्या, आणि क्षणभर तिला त्यांच्याबद्दल माया वाटली. "आता ड्रायव्हर ठरवलाच आहे हौसेनं, तर येऊ दे. ती थांबेल घरी, भुंगीला घेऊन. एवीतेवी ती घेत नाहीच. तिथं येऊन करणार काय? आराम तरी होईल बिचारीला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आराम होईल तुला," तो समोरच्या काचेला म्हणाला. "खरंच."

राग म्हटलं की डोकं तापतं, कान लाल होतात, असं सांगतात. तिचं तसं काही झालं नाही. तिला सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. दाजींच्या शर्टाची नवी घडी दिसली, ताईंनी पायाशी ठेवलेली रिकामी पिशवी दिसली, बाटल्या आणायला घेतलेली. नवऱ्याच्या गॉगलमध्ये ती स्वतः दिसली, दोनदा, खांद्याला लंगोटांची पिशवी अडकवलेली. जिच्या बसण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिचीच जागा गेली होती, आणि गाडीतल्या तिघांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. त्यांना फक्त उशीर होत होता.

"ठीक आहे," दाजींनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "मुलीला उतरवून घ्या, वहिनी. चला हो, काढा गाडी."

ड्रायव्हरनं खांदा झटकला, उशीखालून मढवलेला करारनामा काढला आणि नाकासमोर धरला.

"कलम चार. मॅडम गाडीत बसलेल्या असल्याखेरीज गाडी जागची हलणार नाही."

"अहो, गाडी माझी आहे," नवरा म्हणाला.

"तुमचं नाव यात कुठंच नाही," ड्रायव्हर म्हणाला. "स्कूटरचं आहे."

वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खोकल्याचा आवाज आला. वकीलकाका कठड्यावर ओणवले होते. ते बहुधा सकाळपासून तिथंच होते. "मालकी निराळी आणि ताबा निराळा," ते म्हणाले. "पुष्कळ निकाल आहेत."

"काका, तुम्ही कशाला मधे," ताई म्हणाल्या.

"मी मधे नाही. मी उत्तरेस आहे."

ती म्हणाली, "सगळे जरा खाली उतरा. नीट मोजू या."

मोजायचं म्हटल्यावर ते उतरले. सुशिक्षित माणसांना मोजायला बोलावलं की ती येतात. मग ती आत शिरली, भुंगीच्या पलीकडे खिडकीशी बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि सैल पट्टा ओढून ओढून घट्ट केला.

"ड्रायव्हर, भुंगी आणि मी," ती म्हणाली. "उरल्या जागा दोन. तुम्ही तिघं. ठरवा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वाढदिवस माझ्या लग्नाचा आहे," ताई म्हणाल्या.

"लग्न काय एकटीनं केलंस?" दाजी म्हणाले.

"म्हणजे मी राहू?" नवरा म्हणाला. "गाडी माझी, बायको माझी."

"मग तूच राहा ना, तुझं काय अडतं?" ताई म्हणाल्या.

"तायडे, मी का राहू?"

"लहानपणापासून हा असाच. खिडकी हवी म्हणून रडायचा."

त्यात दाजींनी सासरचा कुठला तरी जुना अपमान काढला, नवऱ्यानं दाजींची मळमळ काढली, आणि ताई दोघांवर एकदम उखडल्या. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. भुंगी गुणगुणत होती. शेजारच्या खोलीत लागलेल्या रेडिओसारखं ते भांडण तिला ऐकू येत होतं, आणि उठून तो बंद करायची जबाबदारी तिची नव्हती.

"चला," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "हे तिघं?"

"त्यांचं ठरायचंय अजून."

गाडी लिफ्टच्या भिंतीपासून सुटली, पंपाला वळसा घालून फाटकाबाहेर पडली. मागं कुणीतरी हाका मारत असावं. तिला दिसलं नाही. आरसा आता तिच्याकडे नव्हता.

रस्त्यात तिला कळलं, की आपल्या नेहमीच्या रस्त्याच्या डाव्या हाताला एक तळं आहे. ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती खिडकीला डोकं टेकून बसली. उजवा पाय मात्र अधूनमधून आपोआप दाबला जात होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. एकदा समोरून ट्रक आला आणि तिचं तोंड उघडलं. दोन रेघा मारलेली अट आठवून तिनं ते मिटलं.

फोन वाजला. नवरा होता.

"अगं, आहेस कुठं तू?"

"मागच्या सीटवर."

मग तो म्हणाला, "आम्ही दाजींच्या गाडीनं निघतोय. मी चालवतोय. ते दोघं म्हणतात, त्यांचा वाढदिवस आहे."

"दाजींच्या विम्यात दुसऱ्यानं चालवलेलं चालतं का, विचारून घे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मळ्यावर लांबलचक खोली होती, लाकडी टेबलं, मोठ्या खिडक्या, त्यांच्यापलीकडे द्राक्षांच्या रांगा. ड्रायव्हर बाहेर सावलीत उशीला टेकून द्राक्षं खात बसला. खाण्याआधी त्यानं प्रत्येक द्राक्ष हुंगून पाहिलं. ती खिडकीजवळ बसली, भुंगीला शेजारी बसवलं. एप्रन बांधलेल्या मुलीनं ग्लास ठेवेपर्यंत बाकीचे तिघं येऊन पोचले. ताई पुढं, दाजी त्यांच्या मागं कंबर चोळत, आणि शेवटी नवरा, हातात सँडलच्या पेटीची किल्ली. तिघं समोर बसले.

मुलीनं सगळ्यांपुढं ग्लास मांडले आणि बाटली हातात घेतली. "सुरुवात करण्याआधी एक विचारते. परत जाताना गाडी कोण चालवणार? त्यांना आम्ही देत नाही."

दाजींनी छताकडे पाहिलं. ताईंनी नॅपकिनची घडी मोडून पुन्हा घातली. नवऱ्यानं किल्ली हळूच टेबलाखाली घेतली आणि तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत इतक्या आशेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

तिनं हात लांब करून त्याच्यापुढचा ग्लास उपडा घातला.

"हे घेत नाहीत," ती म्हणाली.

"बरं," मुलगी म्हणाली. "मग यांना द्राक्षाचा रस."

रस आला, त्यात पिवळी नळी होती. भुंगीनं गुणगुणणं थांबवून त्याकडे हात केले. नवऱ्यानं तिला मांडीवर घेतलं आणि रस पाजायला लागला. निम्मा तिच्या पोटात गेला, निम्मा त्याच्या शर्टावर.

तिनं आपला ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. वाइन आंबट होती. दोन वर्षांत चव विसरली होती का मुळात ही अशीच असायची, तिला सांगता येईना. खरं बोलायचं तर तिला ती फारशी आवडली नाही.

तिनं ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.